बांधावरचा दगड आणि त्यावरची चुकीची चिठ्ठी

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, मनावरच्या बाजूला एका शेताच्या बांधावर मला तो दगड दिसला, तेव्हा त्याच्यावर कोणती चिठ्ठी चिकटवायची हे तो हातात घेण्याआधीच मी ठरवून टाकले होते. पिवळसर तांबूस चुनखडकाचा तो तळहाताएवढा तुकडा होता आणि उन्हापावसाने झिजलेल्या त्याच्या पाठीवर तुरीच्या बारीक काटक्यांसारख्या, मध्येच दुभंगत गेलेल्या फांद्या उठून दिसत होत्या. त्या भागातील या खडकाला भूविज्ञानाच्या पुस्तकांत ‘कोरलाइन लाइमस्टोन’ म्हणतात एवढे मी वाचून गेले होते. कोरल म्हणजे प्रवाळ, तेव्हा फांदीदार दिसणारी ही वस्तू प्रवाळच असणार, असा सरळ हिशेब करून साताऱ्याला परतल्यावर मी चिठ्ठीवर ‘प्रवाळ’ असे लिहिले. ती चिठ्ठी बदलायला मला चौदा महिने लागले.

मी साताऱ्यात राहते आणि निवृत्त होईपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. दगड गोळा करण्याची सवय मला जडली ती साताऱ्याच्या डोंगरांमुळे. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड हे सगळे डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेले आहेत, त्यामुळे येथे रस्त्यासाठी डोंगर कापला किंवा विहीर खणली की काळ्या कातळाच्या पोकळ्यांत वाढलेले स्टिल्बाइट, हुलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट यांचे स्फटिक हाती लागतात. समुद्रातील प्राण्यांचे जीवाश्म मात्र या कातळात मिळत नाहीत. ते पाहायला मला नर्मदेच्या खोऱ्यात जावे लागले. धारला माझा मावसभाऊ राहतो; पवारांच्या संस्थानामुळे तिथे जी मराठी घरे स्थायिक झाली, त्यांपैकी त्याचे एक. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेले असताना तो म्हणाला, “ताई, तुला दगडच बघायचे असतील तर मनावरकडे चल, तिथल्या बांधांवर शिंपले सापडतात.” डायनासोरच्या जीवाश्मांसाठी राखलेले राष्ट्रीय उद्यान त्याच जिल्ह्यात बागजवळ आहे आणि तिथून काहीही उचलण्यास मनाई आहे, म्हणून आम्ही त्या बाजूला गेलो नाही. ज्या शेतात गेलो, त्याच्या मालकाला आधी विचारले, आणि नांगरताना वर आलेले जे दगड त्याने बांधावर टाकले होते, त्यांतलेच चारपाच घेतले.

त्या प्रदेशाची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्याशी जोडलेला आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याच्याही आधी, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, समुद्राचा एक चिंचोळा फाटा पश्चिमेकडून आजच्या नर्मदा खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी जे गाळाचे थर बसले त्यांना बागचे थर म्हणतात. सगळ्यांत खाली निमाड वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींचा चुनखडक आणि त्याच्या वर हा कोरलाइन चुनखडक, असा साधारण क्रम आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात हे थर वेगळे काढून मांडले आहेत.

साताऱ्याला आल्यावर पहिली चूक झाली ती स्वच्छतेच्या नादात. आमच्याकडच्या स्फटिकांवर कॅल्साइटची, म्हणजे चुन्याच्या खनिजाची, पुटे असतात आणि ती घालवण्यासाठी नमुना व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्याची माझ्या हाताला सवय आहे. त्याच सवयीने मी बांधावरच्या दगडांपैकी एक लहान तुकडा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला. स्टिल्बाइटवरचे कॅल्साइट विरघळते आणि स्टिल्बाइट मागे राहते. इथे मात्र खडकही कॅल्साइटचा आणि जीवाश्मही कॅल्साइटचाच. सकाळी फांद्यांचा आकार जेमतेम शिल्लक होता आणि त्यांच्यावरची बारीक जाळी पार पुसून गेली होती. तो तुकडा मी अजून ठेवला आहे, आणि नव्याने गोळा करू लागलेल्या मुलांना सगळ्यांत आधी तोच दाखवते. चुनखडकातील जीवाश्म साध्या पाण्याने आणि मऊ दातब्रशाने धुवावा, चिकटलेली माती निघत नसेल तर पुन्हापुन्हा भिजवून वाळू द्यावी. याहून अधिक काही करण्याची घाई करू नये.

उरलेल्या मोठ्या तुकड्याकडे मी पुढचे दोन महिने फक्त पाहत राहिले. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग घेतले आणि फांदीवर एका बाजूने, जवळजवळ आडवा, विजेरीचा प्रकाश टाकला. वरून पडणाऱ्या उजेडात जे सपाट दिसत होते, ते आडव्या उजेडात टाचणीने टोचल्यासारखे छिद्रांनी भरलेले दिसू लागले. दगड ओला केला की ती छिद्रे आणखी गडद होत. आलेख-कागदाची एक पट्टी शेजारी ठेवून मी मोजले, तेव्हा एका मिलिमीटरच्या अंतरात सुमारे तीन छिद्रे बसत होती. फांदीची जाडी तीन ते चार मिलिमीटर होती.

मनात पहिली शंका या मोजमापानेच आणली. प्रवाळाच्या वसाहतीत प्रत्येक प्राण्याचे घर म्हणजे एक पेला असतो. तो बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहून बराच रुंद असतो आणि त्याच्या आत कडेपासून मध्याकडे जाणारे उभे पडदे असतात. गेल्या सुमारे चोवीस कोटी वर्षांत समुद्रांत वाढलेल्या दगडी प्रवाळांत हे पडदे सहाच्या पटीत असतात, हे मी स्वतः फळ्यावर आकृती काढून कैकदा शिकवले होते. माझ्या दगडातील छिद्रे प्रवाळाच्या मानाने फारच लहान होती आणि एकाही छिद्रात पडदा दिसत नव्हता. तरीही चिठ्ठी काढावीशी वाटली नाही. पडदे झिजले असतील, गाळाने बुजले असतील, अशी कारणे मी शोधत राहिले, कारण खडकाचे नाव माझ्या बाजूने साक्ष देत होते.

आणखी एक गोष्ट मी लक्षात घ्यायला हवी होती. दगडी प्रवाळांचा सांगाडा अ‍ॅरागोनाइट या खनिजाचा असतो. अ‍ॅरागोनाइट टिकाऊ नाही. खडकात कोट्यवधी वर्षे पडून राहिल्यावर ते विरघळते किंवा त्याच्या जागी भरड कॅल्साइट येते आणि आतील नाजूक रचना बहुतेक वेळा नाहीशी होते. माझ्या नमुन्यात तर केसाएवढ्या जाडीच्या भिंती शाबूत होत्या. एवढे बारीक काम टिकले आहे, त्या अर्थी हा सांगाडा मुळातच कॅल्साइटचा असावा, हा विचार मला सुचायला फार वेळ लागला.

निवह करून राहणारे, म्हणजे शेकडो जीव एकमेकांना चिकटून एकच सांगाडा उभारणारे प्राणी ओळखताना सगळ्यांत मोठा दगा देतो तो बाहेरचा आकार. समुद्रात अन्न पाण्याबरोबर वाहत येते, ते पकडायला तळापासून उंच उठणे आणि फांद्या पसरणे सोयीचे असते, त्यामुळे परस्परांशी काहीही नाते नसलेले जीव सारख्याच झुडपी आकारात वाढतात. प्रवाळ तसे वाढतात, स्पंज वाढतात, चुना साठवणारी लाल शैवालेही वाढतात. मी हे माझ्या नातीला वाड्याची उपमा देऊन सांगते. पेठेतले दोन वाडे रस्त्यावरून अगदी सारखे दिसतील, पण आत राहणारी बिऱ्हाडे कोण आहेत हे दारावरून कळत नाही. त्यासाठी खोलीत जावे लागते. निवहाचा वाडा पाहून नाव ठेवू नये, खोली पाहावी.

खोली पाहायची म्हणजे दगड कापायचा. त्याआधी इतर शक्यता बाजूला काढता येतात का ते पाहिले. शैवाल असते तर अशी मोकळी छिद्रे दिसली नसती. त्याच्या पेशींची जाळी याहून कितीतरी बारीक, काही मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. स्पंज असता तर लहान-मोठ्या वाटांचे अनियमित जाळे दिसले असते, एकसारख्या घरांची ओळ दिसली नसती. बोटाएवढ्या जाडीचा, वाय अक्षरासारखा दुभंगलेला आणखी एक दगड त्याच बांधावरून मी आणला होता आणि त्यालाही ‘प्रवाळ’ म्हणून बसले होते. तो फोडला तेव्हा आत कसलीच रचना नव्हती, नुसता गाळ. खेकड्या-झिंग्यांच्या जातीचे प्राणी समुद्रतळात जी फाटे फुटलेली बिळे करतात, ती गाळाने भरून कठीण झाली की असेच दिसतात. बागच्या गाठीगाठींच्या चुनखडकात अशी बिळे आढळतात. तो दगड प्राण्याचा नव्हता, प्राण्याच्या वाटेचा होता.

कापण्याचे काम फरशी बसवणाऱ्या एका कारागिराने करून दिले. त्याच्या कटरला पाण्याची धार लावून त्याने फांदीचे दोन छेद घेतले, एक आडवा आणि एक लांबीच्या दिशेने. जाड काचेवर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घेऊन मी ते तोंड घासले. आधी भरड भुकटी, मग मध्यम, शेवटी अगदी बारीक. प्रत्येक वेळी काच, दगड आणि हात स्वच्छ धुतले नाहीत तर भरड भुकटीचा एखादा कण पुढच्या टप्प्यात शिरतो आणि ओरखडा उमटतो, तेव्हा हे काम घाईचे नाही. भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पुढे दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची पातळ चकती करतात, म्हणजे तिच्यातून प्रकाश आरपार जातो. ते घरी शक्य नव्हते. त्याला पर्याय म्हणून गुळगुळीत तोंडाचा ठसा घेता येतो. घासलेले तोंड अतिशय पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात दहा सेकंद धरायचे, धुऊन वाळवायचे, त्यावर अ‍ॅसिटोन ओतायचे आणि लगेच अ‍ॅसिटेटचा पारदर्शक कागद टेकवायचा. आम्लाने भिंती आणि त्यांच्यामधील भरणा वेगवेगळ्या प्रमाणात झिजलेला असतो. तो उंचसखलपणा कागदावर उमटतो.

माझा पहिला प्रयत्न फसला, कारण स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले पारदर्शक कागद पॉलिएस्टरचे होते आणि अ‍ॅसिटोनचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नव्हता. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर मला माझा जुना वर्गच आठवला. पानावरची पर्णरंध्रे दाखवायला आम्ही पानाच्या पाठीवर नेलपॉलिश लावतो, वाळले की चिकटपट्टीने त्याचा पापुद्रा उचलतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे द्रावण. पानावर जे चालते ते दगडावर का चालू नये? रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात दिले, रात्रभर वाळू दिले आणि सकाळी पापुद्रा उचलला. पहिल्यात बुडबुडे होते, दुसरा फाटला, तिसरा अखंड आला.

तो पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिला तो क्षण मी विसरणार नाही. आडव्या छेदात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बहुकोनी घरे एकमेकांना लागून होती. मध्यभागी भिंती अतिशय पातळ आणि कडेला जाड. उभ्या छेदात तीच घरे लांबलचक नळ्या झाली होती. फांदीच्या मध्यातून त्या नळ्या वर चढत होत्या आणि मग कारंज्याच्या धारेसारख्या बाहेरच्या बाजूला वळून पृष्ठभागावर उघडत होत्या. मी भिंगातून जी छिद्रे मोजली होती ती या नळ्यांची तोंडे होती. पडदा एकाही नळीत नव्हता. हा प्रवाळ नाही, याविषयी त्यानंतर माझ्या मनात शंका राहिली नाही.

हे ब्रायोझोआ होते. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ शेवाळासारखे प्राणी असा होतो. निवहातील एकेक जीव बहुधा मिलिमीटरहूनही लहान असतो. त्याला बारीक शुंडकांचा एक झेला असतो, तो पसरून पाण्यातील सूक्ष्म वनस्पती पकडतो आणि धोका जाणवला की झटकन आत ओढून घेतो. आजही त्यांच्या सुमारे ६,००० जाती जिवंत आहेत. तीस वर्षे जीवशास्त्र शिकवूनही मी वर्गात त्यांचे नाव जेमतेम एका ओळीत घेतले असेल.

मग खडकाला ‘कोरलाइन’ का म्हटले? हे कळल्यावर जुन्या अभ्यासकांवरचा माझा राग गेला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ‘कोरलाइन’ हा शब्द समुद्रातील कोणत्याही झुडपी, चुनामय वाढीला लावत असत. त्यात शैवाले येत, ब्रायोझोआही येत. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात ‘कोरलाइन क्रॅग’ नावाचा थर आहे आणि तोही प्रवाळांचा नसून मुख्यतः ब्रायोझोआंसाठीच प्रसिद्ध आहे. शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात आक्रसला, खडकाचे नाव तसेच राहिले, आणि मी आजचा अर्थ घेऊन कालची चिठ्ठी वाचली.

यानंतर मी पुण्यातील एका ज्येष्ठ संशोधकांना छायाचित्रे पाठवली. त्यांचे पहिले उत्तर दोन ओळींचे होते: “बाई, फोटोत मोजपट्टी नाही. आणि हा दगड नेमका कोणत्या थरातला आहे?” मोजपट्टी ठेवून मी नवी छायाचित्रे काढली, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण बांधावरचा दगड कोणी कुठून उचलून टाकला हे सांगता येत नाही. तरी त्यांनी नमुना घेऊन बोलावले. मी पूर्ण तयारीने गेले होते. ब्रायोझोआंच्या दोन मोठ्या गटांविषयी वाचले होते. सायक्लोस्टोम गटातील घरे लांब नळ्यांसारखी आणि तोंडे गोल. चीलोस्टोम गटातील घरे बहुधा आखूड पेटीसारखी आणि तोंडाला झाकण. माझ्या नमुन्यात नळ्या होत्या, म्हणून मी “सर, हा सायक्लोस्टोम आहे,” असे सांगून मोकळी झाले.

सरांनी दुहेरी भिंगाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दगड बराच वेळ फिरवून पाहिला. “बागच्या थरांतून आलेला नमुना आहे, म्हणूनच जपून बोलायला हवे,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला या साऱ्या प्रवासातले सर्वांत मोलाचे वाटते. या थरांतील ब्रायोझोआंवर जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३९ साली निबंध लिहिला. त्यात वर्णिलेल्या एका जातीचे नाव ‘डायमॉर्फोपोरा’, म्हणजे दोन प्रकारच्या छिद्रांची. नळ्यांसारख्या घरांमुळे ती सायक्लोस्टोमच वाटते. १९९५ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील पॉल टेलर आणि पुण्यातील आर. एम. बडवे यांनी तिचा सांगाडा बारकाईने तपासला, तेव्हा ती सायक्लोस्टोमसारखी दिसणारी चीलोस्टोम आहे असे त्यांनी दाखवले. तिच्यासाठी त्यांनी नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापली आणि चिपळूणकरांच्या नावावरून तिला ‘चिपळूणकरिना’ हे नाव दिले. म्हणजे वाड्याचा आकार पाहून मी फसले होते, आणि खोलीत शिरल्यावर खोलीच्या आकारानेही पुन्हा फसले. ज्या दगडावर मी ‘प्रवाळ’ लिहिले होते, त्या खडकातल्या एका प्राण्याच्या नावात एक मराठी आडनाव आहे, हे ऐकून माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सरांनी माझ्या नमुन्याला ते नाव ठामपणे दिले नाही. पृष्ठभाग झिजलेला होता आणि खात्री करायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला असता. चिठ्ठीवर ‘चिपळूणकरिना, बहुधा’ असे लिहावे आणि ‘बहुधा’ हा शब्द खोडू नये, असे त्यांनी बजावले.

थराचा प्रश्न मात्र मनात राहिला होता, म्हणून पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा मनावरला गेले. त्याच शेतकऱ्याने ओढ्याच्या काठचा उभा कडा दाखवला. खाली गाठीगाठींचा फिकट चुनखडक होता, त्याच्यावर तांबूस पिवळा, तिरप्या रेघांचा थर, आणि त्या थरात माझ्या दगडातल्यासारख्याच फांद्यांचे तुकडे इतके दाट होते की खडक त्यांचाच बनला आहे असे वाटावे. तिथून काही काढले नाही. जागेची नोंद केली, मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घेतली आणि चिठ्ठीवर थराचे नाव लिहिले.

पहिल्या फेरीतला एक दगड अजून उरला आहे. तो एका जाड शिंपल्याचा तुकडा आहे आणि त्याच्या आतल्या अंगावर पातळ पापुद्र्यासारखा एक निवह पसरलेला आहे. तो उभा वाढलेला नाही, जमिनीवर जाजम अंथरावे तसा आहे. शिंपल्याच्या आतल्या बाजूला तो वाढला, त्या अर्थी शिंपल्यातला प्राणी आधीच मेलेला होता, एवढे समजते. घरे आखूड आहेत आणि काही ठिकाणी तोंडाची कड दिसते. तो कापायचा तर शिंपलाही जाईल, म्हणून कापलेला नाही. चिठ्ठीवर सध्या ‘शिंपल्याला चिकटून वाढलेला ब्रायोझोआ, कोरलाइन चुनखडक, मनावर परिसर, पुढील ओळख बाकी’ एवढेच लिहिले आहे. पावसाळा संपला की तो घेऊन पुण्याला जायचे आहे, आणि या वेळी मोजपट्टी आधीच डबीत ठेवली आहे.